यकृताची नोंद कोणत्या वहीत करायची?

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री आणि मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य



बालरोगतज्ज्ञांच्या ओपीडीत हल्ली वारंवार दिसणारं एक दृश्य आधी आपल्यापुढे ठेवायला हवं. अकरा वर्षांचा मुलगा पोटदुखीसाठी आलेला असतो. दुखणं किरकोळ निघतं, पण खबरदारी म्हणून केलेल्या सोनोग्राफीच्या रिपोर्टवर दोन शब्द जास्तीचे असतात: फॅटी लिव्हर. ते वाचून आईचा पहिला उद्गार ठरलेला असतो. "अहो डॉक्टर, आमच्या घरात कुणी दारूला शिवतसुद्धा नाही!" डॉक्टर काही न बोलता मुलाची कॉलर जरा खाली करतात. मानेच्या मागच्या बाजूला काळसर, मखमलीसारखा जाडसर पट्टा दिसतो. आई ओशाळते. "रोज घासते हो. डाळीचं पीठ लावून झालं, उटणं लावून झालं, पण मळ निघतच नाही."

तो मळ नसतो. रक्तात इन्शुलिनचं प्रमाण सतत चढं राहिलं की मानेवरची, काखेतली त्वचा अशी काळी आणि जाड होते. वैद्यकात तिला अकॅन्थोसिस नायग्रिकन्स म्हणतात. आई दोन वर्षं जे घासून काढू पाहत होती, ती शरीराने दिलेली सूचना होती, आणि ती वाचायला कुणी तिला शिकवलंच नव्हतं.

आता प्रश्न असा, की या मुलाचं नाव सरकारच्या कोणत्या वहीत लिहिलं जातं? अंगणवाडीच्या वहीतून तो सहाव्या वर्षीच बाहेर पडला. शाळेतल्या आरोग्य तपासणीत त्याचं वजन होतं, पण ती तपासणी मुख्यतः रोडावलेली, रक्त कमी असलेली मुलं शोधते. मधुमेह-रक्तदाबाच्या सरकारी तपासणीत त्याचा नंबर लागायला अजून एकोणीस वर्षं आहेत, कारण ती तिशीपासून सुरू होते. अकरा ते तीस या वर्षांत त्याच्या यकृताचं काय होतं, हे लिहून ठेवणारी वही नाही. ती वही असावी, एवढ्यासाठी हे पत्र आहे.

यकृत म्हणजे खाटकाच्या दुकानात ज्याला कलेजी म्हणतात तोच अवयव. उजव्या बरगड्यांच्या आड बसून तो साखर साठवतो, प्रथिनं घडवतो, पित्त तयार करतो, औषधं आणि विषं निकामी करतो. चरबीचं कोठार होणं हे काही त्याचं काम नव्हे. त्याच्या पाच टक्क्यांहून जास्त पेशींत चरबीचे थेंब दिसू लागले की त्याला फॅटी लिव्हर म्हणतात. चरबीपाठोपाठ काही जणांमध्ये सूज येते, पेशी मरू लागतात, मेलेल्या पेशींच्या जागी चिवट तंतू येतात. ते वाढतच गेले तर यकृत निबर, गाठाळ होतं. तोच सिरोसिस. सगळी मुलं तिथवर पोचत नाहीत. पण कोण पोचेल हे अकराव्या वर्षी चेहऱ्यावरून सांगता येत नाही, कारण मुलाला दुखत काहीच नाही. तो शाळेत जातो, दंगा करतो, जेवतो.

ही गोष्ट डॉक्टरांनाही फार जुनी नाही. १९८० मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या युर्गेन लुडविग यांनी वीस रुग्णांचं वर्णन केलं. यकृताचे तुकडे दारुड्याच्या यकृतासारखे दिसत होते आणि माणसं दारू पीत नव्हती. १९८३ मध्ये तीन लठ्ठ मुलांमध्ये तेच आढळल्याची नोंद झाली. तेव्हा तो दुर्मीळ प्रकार वाटला होता. पुढे अमेरिकेतल्या सॅन डिएगो परगण्यात १९९३ ते २००३ या काळात मृत्यू पावलेल्या, दोन ते एकोणीस वर्षांच्या ७४२ मुलांच्या शवविच्छेदनातली यकृतं तपासली गेली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात एकूण मुलांमध्ये प्रमाण अंदाजे ९.६ टक्के निघालं आणि लठ्ठ मुलांमध्ये ३८ टक्के. त्यातल्या बहुतेक मुलांच्या यकृताबद्दल जिवंतपणी कुणाला शंकाही आली नव्हती.

आपल्याकडचं चित्र याहून हलकं नाही. भारतातल्या उपलब्ध अभ्यासांची एकत्र मांडणी करून दिल्लीच्या एम्समधल्या तज्ज्ञांनी २०२२ मध्ये जे निष्कर्ष दिले, त्यांत लठ्ठ मुलांपैकी सुमारे ६३ टक्के आणि लठ्ठ नसलेल्या मुलांपैकी सुमारे १२ टक्के मुलांना फॅटी लिव्हर होतं. यातले बरेच अभ्यास रुग्णालयांतले आहेत, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे प्रत्येक गावाला लावता येणार नाहीत. पण लठ्ठ नसलेल्यांमधल्या त्या १२ टक्क्यांकडे आपलं लक्ष जायला हवं. अंगाने बरी दिसणारी मुलंही यात आहेत.

मंत्रिमहोदय, यकृतात चरबी साठली तर एवढं काय बिघडतं, असं घरोघरी विचारलं जातं. "कोवळं वय आहे, वाढताना झडून जाईल" असं आजी म्हणते. याचं उत्तर प्रत्येक स्वयंपाकघरात आहे. पावसाळ्यात डब्यातलं सुकं खोबरं खवट होतं. शेंगदाणे खवट होतात, दिवाळीचा उरलेला चिवडा खवट होतो. हवेतल्या प्राणवायूने तेलाचा एक रेणू बिघडतो, तो शेजारच्याला बिघडवतो आणि साखळी सुरू होते. रसायनशास्त्रात याला लिपिड पेरॉक्सिडेशन म्हणतात. चरबीने भरलेल्या यकृताच्या पेशीत नेमका हाच प्रकार घडतो. फरक एवढाच की खवट चिवडा टाकून देता येतो, पेशी टाकून देता येत नाही.

पेशीत ही ठिणगी पडते ती तंतुकणिकांमध्ये, म्हणजे मायटोकॉन्ड्रियामध्ये. त्या पेशीच्या चुली. अन्नातली चरबी आणि साखर त्यांत जळते आणि शरीराला ऊर्जा मिळते. नीट पेटलेल्या चुलीतूनही थोडा धूर निघतोच, तसे इथेही प्राणवायूचे काही अर्धवट, तापट रेणू बाहेर पडतात: सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड. निरोगी पेशीकडे त्यांना शांत करणारी माणसं असतात. ग्लुटाथायोन, कॅटलेज आणि सुपरऑक्साइड डिसम्युटेज ही त्यांची नावं. पण चुलीत मावेल त्यापेक्षा जास्त सरपण कोंबलं की ज्वाळा कमी आणि धूरच जास्त होतो. शांत करणारे अपुरे पडतात. हा तोल सुटण्यालाच ऑक्सिडेटिव्ह ताण म्हणतात. मग ते तापट रेणू पेशीच्या चरबीयुक्त पडद्यांना, प्रथिनांना, डीएनएला डागण्या देतात. यकृतातल्या रक्षक पेशी धावून येतात, सूज येते आणि एरवी निवांत असणाऱ्या तारकापेशी तंतू विणायला लागतात. व्रण भरताना खपली धरावी तशी आतून खपली धरत जाते.

१९९८ मध्ये ख्रिस्तोफर डे आणि ऑलिव्हर जेम्स या ब्रिटिश डॉक्टरांनी दोन आघातांची कल्पना मांडली: पहिला आघात चरबीचा, दुसरा ऑक्सिडेटिव्ह ताणाचा. आज हे चित्र अधिक गुंतागुंतीचं मानलं जातं. आतड्यातले जिवाणू, आनुवंशिकता, पोटावरच्या चरबीतून सुटणारे सूजकारक घटक, झोपेत अडखळणारा श्वास हे सगळे त्यात भर घालतात. तरी खवटपणाची ती साखळी कथेच्या मध्यभागी टिकून आहे.

दुर्दैव असं, की याच यकृताची दुसरी कहाणी महाराष्ट्राला आधीपासून माहीत आहे.

मेळघाटातल्या, पालघरच्या पाड्यांवरच्या बालमृत्यूंनी या राज्याची झोप उडवली. तीव्र कुपोषणाचा क्वाशिओरकर नावाचा एक प्रकार आहे. सिसिली विल्यम्स या डॉक्टरने तेव्हाच्या गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानामध्ये, १९३० च्या दशकात त्याचं वर्णन केलं. पाय सुजलेलं, केस भुरके झालेलं, पोट पुढे आलेलं ते मूल. त्याच्या पोटावर हात ठेवून चाचपलं तर यकृत मोठं लागतं आणि ते चरबीने भरलेलं असतं! उपाशी मुलाच्या यकृतात चरबी कुठून आली? यकृतातली चरबी बाहेर वाहून नेण्यासाठी प्रथिनांची गाडी लागते. ती गाडीच तयार होत नाही, म्हणून माल गोदामात साचतो. १९८० च्या दशकात मायकल गोल्डन यांनी असं मांडलं, की क्वाशिओरकरमध्येही तापट रेणूंना शांत करणारी फळी कोलमडलेली असते.

म्हणजे मेळघाटातलं उपाशी मूल आणि पिंपरी-चिंचवडमधलं लठ्ठ मूल, दोघांच्या यकृतात चरबीचे तेच थेंब आणि तोच खवटपणा. दोन्हीकडे अन्नाचा तोल गेलेला आहे. सरकार मात्र एकाला कुपोषित म्हणतं आणि दुसऱ्याला खात्यापित्या घरचं लेकरू. २००५ मध्ये राजमाता जिजाऊ मिशन सुरू करून महाराष्ट्राने कुपोषणाला वेगळी यंत्रणा दिली, अंगणवाडीताईंनी दर महिन्याला वजनं करून राज्याला आरसा दाखवला. ती शिस्त आपल्याच राज्यात घडली आहे. तोच काटा दुसऱ्या बाजूलाही वाचायचा आहे.

पुण्याने तर याचा इशारा तीस वर्षांपूर्वीच दिला होता. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांतल्या महिलांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. गावातलं बाळ जन्मतः सरासरी २.७ किलोचं होतं, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनचं ३.५ किलोचं. आपलं बाळ जवळपास प्रत्येक मापात लहान होतं. स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, फक्त कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने राखलेली. बारीक दिसणारं, पण आतून मेदाळ बाळ. पुढे २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा राहिलेला फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. डॉ. याज्ञिकांच्या अंगात चरबी २१.२ टक्के, युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के. काटा दोघांना सारखंच सांगत होता.

म्हणून इंग्लंडमधल्या मुलांचे तक्ते आपल्या मुलांना लावून चालत नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१५ मध्ये पाच ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी जे सुधारित तक्ते काढले, त्यात जास्त वजनाची आणि लठ्ठपणाची रेषा प्रौढांच्या २३ आणि २७ बीएमआयशी जुळवलेली आहे. ते तक्ते तयार करण्यातही पुण्याच्याच डॉक्टरांचा मोठा वाटा होता. ज्ञान घरातलं आहे, तक्ता तयार आहे. फक्त तो वर्गापर्यंत पोचायचा आहे.

आता मधल्या सुट्टीत कोणत्याही शाळेच्या फाटकाशी दहा मिनिटं उभं राहून पाहावं. टपरीच्या समोर पाच रुपयांच्या पुड्यांच्या माळा टांगलेल्या असतात, अगदी मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर. मुलं पुडी फाडतात, तळ चाटतात, बोटं पँटला पुसतात. दुसऱ्या हातात दहा रुपयांची रंगीत पेयाची बाटली. घंटा होते. डब्यातली पोळी-भाजी तशीच घरी परत जाते आणि संध्याकाळी आई म्हणते, याला भूकच लागत नाही. चार वाजता चहा आणि बिस्किटं. ग्लुकोज बिस्किटात वजनाच्या साधारण पाव हिस्सा साखर असते. गोड सोड्यात दर १०० मिलिलिटरमागे १० ते ११ ग्रॅम. म्हणजे पाव लिटरची एक बाटली प्यायली की पाच-सहा चमचे साखर गेली. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे रोजची वरून घातलेली साखर एकूण उष्मांकाच्या दहा टक्क्यांखाली, शक्यतो पाच टक्क्यांखाली असावी. शाळकरी मुलासाठी पाच टक्के म्हणजे साधारण तेवढीच एक बाटली.

साखरेचा अर्धा भाग ग्लुकोज आणि अर्धा फ्रुक्टोज असतो. ग्लुकोज सगळं शरीर वापरतं, फ्रुक्टोज मात्र बहुतांश यकृतावरच येऊन पडतं. घोटाघोटाने, द्रवरूपात आलेलं फ्रुक्टोज यकृत आवरू शकत नाही, ते त्याची चरबी बनवतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या संशोधकांनी लठ्ठ मुलांच्या आहारातलं फ्रुक्टोज फक्त नऊ दिवस कमी केलं आणि उष्मांक तेवढेच राहावेत म्हणून पिष्टमय पदार्थ दिले. २०१७ मध्ये त्यांनी कळवलं, की यकृतातल्या चरबीचं मध्यमान ७.२ वरून ३.८ टक्क्यांवर आलं होतं. नऊ दिवसांत!

२०१९ चा दुसरा प्रयोग आपल्या कामाला अधिक जवळचा आहे. फॅटी लिव्हर असलेली ११ ते १६ वर्षांची चाळीस मुलं घेतली. निम्म्यांच्या आहारातली वरची साखर आठ आठवडे ३ टक्क्यांच्या खाली ठेवली. त्यांच्या यकृतातली चरबी २५ वरून १७ टक्क्यांवर आली. नेहमीचं खाणाऱ्यांची २१ वरून २० वरच थांबली. यातली मर्माची गोष्ट अशी, की तसं जेवण एकट्या मुलाला दिलं नव्हतं, सगळ्या घराला दिलं होतं. भावाच्या हातात बाटली आणि याच्या हातात पाण्याचा पेला, असं कोणत्याच घरात चालत नाही. शाळेत तर नाहीच नाही.

गोळीने हे काम होईल या आशेवर राहता येणार नाही. ऑक्सिडेटिव्ह ताण हे कारण, तर त्यावर अँटिऑक्सिडंट हा उतारा, असं सरळ गणित अमेरिकेत करून पाहिलं गेलं. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या टॉनिक नावाच्या चाचणीत ८ ते १७ वर्षांच्या १७३ मुलांना ९६ आठवडे ई जीवनसत्त्व, मेटफॉर्मिन किंवा नुसती साखरगोळी दिली. यकृताच्या रक्ततपासणीतला आकडा टिकाऊपणे उतरवण्यात दोन्ही औषधं साखरगोळीपेक्षा सरस ठरली नाहीत. सूज असलेल्या मुलांपैकी ई जीवनसत्त्व घेणाऱ्या ५८ टक्के मुलांची सूज गेली, साखरगोळी घेणाऱ्या २८ टक्क्यांची गेली. म्हणजे ताणाचा धागा खरा आहे, निवडक मुलांना तज्ज्ञांच्या देखरेखीखाली त्याचा उपयोगही होईल. पण चुलीत सरपण कोंबणं चालू ठेवून धूर शोषणारी बाटली विकत घेणं हा उपाय होत नाही. औषधांच्या दुकानात लिव्हर टॉनिक मागणाऱ्या पालकांना हे सरकारने स्पष्ट शब्दांत सांगायला हवं.

आता आपल्या हातात काय आहे ते पाहू. पुष्कळ आहे. मे २०१७ मध्ये महाराष्ट्र शासनाने शाळांच्या उपाहारगृहांत चिप्स, नूडल्स, गोड सोडा, पिझ्झा, बर्गर, केक असे पदार्थ विकायला मनाई करणारा निर्णय काढला. केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२० मध्ये नियम केले. शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत चरबी, मीठ, साखर जास्त असलेले पदार्थ विकायचे नाहीत. मे २०२५ मध्ये सीबीएसईने आपल्या शाळांना साखरेचे फलक लावायला सांगितले, कोणत्या पदार्थात किती चमचे साखर ते मुलांना दिसावं म्हणून. त्या परिपत्रकातच लिहिलं आहे, की ४ ते १० वर्षांच्या मुलांच्या उष्मांकात साखरेचा वाटा १३ टक्के आणि ११ ते १८ वर्षांच्या मुलांमध्ये १५ टक्के आहे. असे फलक जिल्हा परिषदेच्या शाळेतही लागावेत. गणिताच्या तासाला मुलांनीच पुडीच्या मागची बारीक अक्षरं वाचून ते तयार करावेत.

कागदावरचे ते ५० मीटर जमिनीवर मोजायचे कुणी, हे मात्र ठरलेलं दिसत नाही. मुख्याध्यापक म्हणतात ते अन्न व औषध प्रशासनाचं काम, प्रशासन म्हणतं मनुष्यबळ नाही, नगरपालिका म्हणते फेरीवाल्यांचा विषय वेगळा. टपरीवाल्याचा गल्ला उचलून नेणं हा मार्ग नव्हे. त्याचंही पोट त्यावर आहे. भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, उकडलेली कणसं, मोसमातली पेरूची फोड, ताक विकायला त्याला मदत करता येईल. त्याला परवाना, जागा आणि सुरुवातीला थोडं भांडवल हवं.

आपल्या शालेय पोषण आहारातही सुधारणेला जागा आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाला त्यात ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा दंडक आहे. २०२३ मध्ये त्यात आठवड्याला एक अंडं आलं, मुलांनी ते आनंदाने खाल्लं आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबवून ते लोकवर्गणीवर सोडण्यात आलं. अंड्यात कोलिन भरपूर असतं. इन्शुलिनच्या शोधातले चार्ल्स बेस्ट यांनी १९३० च्या दशकातच दाखवलं होतं, की कोलिन मिळालं नाही तर प्राण्यांच्या यकृतात चरबी साचते आणि ते दिलं की कमी होते. उपाशी मुलालाही ते हवं आहे आणि लठ्ठ मुलालाही. अंडं न खाणाऱ्यांना मोड आलेली उसळ, सोयाबीन, दूध द्यावं. पण निधी परत यावा.

कराच्या बाबतीत निर्णय एकट्या महाराष्ट्राचा नाही, पण जीएसटी परिषदेत महाराष्ट्राची खुर्ची आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये गोड सोड्यावरचा कर ४० टक्के झाला आणि त्याच बैठकीतून बिस्किटं, चॉकलेट, इन्स्टंट नूडल्स आणि पाकीटबंद फरसाण ५ टक्क्यांवर आलं. पहिला निर्णय मुलांच्या बाजूचा होता. दुसऱ्याचा फेरविचार व्हावा, असं आपल्या सरकारने तिथे मांडावं. मेक्सिकोने २०१४ पासून गोड पेयांवर लिटरमागे एक पेसो कर लावला. चिलीने २०१६ पासून पाकिटांवर काळे अष्टकोनी इशारे छापायला लावले. न शिकलेल्या आईलाही ते कळतात.

आणि तपासणी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम देशात पहिल्यांदा सुरू झाला तो महाराष्ट्रातच, पालघरला, ६ फेब्रुवारी २०१३ रोजी. त्याची फिरती पथकं शाळेत वर्षातून एकदा येतात. पथकात दोन डॉक्टर, एक परिचारिका, एक औषधनिर्माता असतात. सुरुवातीला ठरलेल्या ३० दोष-आजारांच्या यादीत तीव्र कुपोषण आहे, गलगंड आहे, मुडदूस आहे. लठ्ठपणाचं नाव नाही. दुसरीकडे केंद्राने फेब्रुवारी २०२१ मध्ये फॅटी लिव्हरला असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतलं. हे उत्तम पाऊल होतं, पण तो कार्यक्रम प्रौढांचा. या दोन योजनांच्या मधल्या फटीत आपलं मूल पडलं आहे. ती फट बुजवायला नवी इमारत लागत नाही. पथकाने मानेवरचा काळा पट्टा पाहावा, बीएमआय २०१५ च्या भारतीय तक्त्यावर लावावा आणि ज्याने रेषा ओलांडली असेल त्याला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवावं. तिथे एसजीपीटी ही यकृताची रक्ततपासणी, साखर आणि गरज पडली तर सोनोग्राफी व्हावी. एसजीपीटीचा अर्थ लावताना मुलांची मर्यादा वेगळी असते. मुलग्यांसाठी २६ आणि मुलींसाठी २२ या आकड्यांच्या पुढे लक्ष ठेवावं, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन आहे. आपल्या प्रयोगशाळांचे छापील रिपोर्ट मोठ्यांच्या मर्यादेवर, साधारण चाळिशीच्या घरात, नॉर्मलचा शिक्का मारतात आणि ३८ आकडा आलेलं मूल घरी निघून जातं.

एक कळकळीची विनंती इथेच. ही तपासणी वर्गासमोर होऊ नये. जाड मुलाला शाळेत जी नावं ठेवली जातात ती त्याला आयुष्यभर पुरतात. अशी चिडवाचिडवी सोसणारं मूल मैदानावर जात नाही, घरात कोंडून घेतं आणि मग अधिकच खातं. वजन पडद्याआड व्हावं, आकडा मोठ्याने वाचला जाऊ नये आणि चिठ्ठी आईवडिलांच्या हातात बंद पाकिटात जावी. मुलाला रोड करायचं नाही, हेही त्यांना समजावून सांगावं. वाढत्या वयात वजन आहे तिथे थांबलं आणि उंची वाढत गेली तरी यकृताला पुष्कळ उसंत मिळते. उपास, डाएटच्या पुड्या, नुसती फळं यांची गरज नाही. गोड पेयं बंद, पुड्या क्वचित, ताटात वरण-उसळ-भाजी पुरेशी, झोप वेळेवर आणि रोज तासभर घाम येईल असा खेळ.

तो तास शाळेनेच द्यायचा आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला मैदान लागतं असं लिहिलेलं आहे. मैदान असलेल्या शाळांतही दहावीच्या वर्षी पीटीचा तास गणिताला जातो हे पालकांना ठाऊक आहे, त्यांनीच तो मागून घेतलेला असतो. शालेय शिक्षणमंत्र्यांनी तो तास कुणालाही मागता येणार नाही असा करावा. आणि शाळेतला पिण्याच्या पाण्याचा नळ चालू आहे का, हेही तपासावं. नळ कोरडा असला की मुलाचे दहा रुपये बाटलीकडे जातात.

शेवटी, पथकाच्या पिशवीत ठेवायची एक वस्तू. तिला वीज लागत नाही, निविदा लागत नाही. मुलाची उंची सुतळीने मोजायची, सुतळी बरोबर मधोमध दुमडायची आणि ती दुमडलेली सुतळी बरगड्या आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध पोटाभोवती फिरवायची. टोकं जुळली तर बरं. नाही जुळली, तर कंबर उंचीच्या निम्म्याहून जास्त आहे आणि त्या मुलाकडे नीट पाहायला हवं. आशाताई हे घरी करू शकतात, पीटीचे सर करू शकतात, मान घासून थकलेली ती आईसुद्धा करू शकते. येत्या जूनमध्ये शाळा उघडतील तेव्हा ही सुतळी प्रत्येक पथकाकडे असावी, आणि जी टोकं जुळली नाहीत त्यांची नोंद करायला आरोग्य कार्डावर एक रकाना छापलेला असावा, एवढी विनंती आहे.

कळावे,
मुलांच्या आरोग्याची काळजी वाहणारा एक नागरिक